विधवेच्या वाट्याची बादली

सकाळीच अध्यक्षांची स्वारी आरशासमोर मिशांना पीळ देत उभी. भूजल बचत समितीचे अध्यक्ष ना! आज तपासणीवाल्या बाई येणार, विहिरीत टेप सोडणार. पाणी गेल्या वर्षीपेक्षा वर आलं असेल, तर गावाला बक्षीस.

सगळ्यात जास्त बचत त्यांच्याच घरात. कशी? अगदी सोप्पं. पोरगा वारला आणि सुनेचं पाणी तोडलं. "नवराच नाही, मग नटून जायचंय कुठं?" हा सासूबाईंचा न्याय. सून आणि तिची चिमुरडी, दोघींत मिळून एक बादली; पिणं त्यातच, धुणं त्यातच. अध्यक्षांचे गुलाब मात्र गॅरेजमागच्या चोरट्या बोअरवर टम्म फुगलेले. तपासणी जवळ आली, की बोअर बंद. विहीर आपोआप वर!

पोरीच्या अंगभर फोड उठले होते. डॉक्टर म्हणाले होते, रोज साबण लावून आंघोळ घाला.

"मामंजी, पोरीपुरती अजून एक बादली..."

"अगं, आपणच पाणी उधळलं तर लोकांनी आदर्श कुणाचा घ्यायचा? खाज काय, येते आणि जाते."

पोर खाजवून खाजवून रक्त काढत होती.

मंडळी विहिरीवर गेली. हारतुरे झाले, चहा झाला. अध्यक्षांचं भाषण मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं.

इकडे सुनेनं पोरीला उचललं, गॅरेजमागं नेलं आणि मोटारीचं बटण दाबलं. तिला ना समिती बुडवायची होती, ना सासरा. तिला पोर धुवायची होती.

पण बोअर आणि विहीर एकाच झऱ्यावरची. टेप खाली गेला, जातच राहिला.

"अहो, पाणी उतरतंय! जवळ कुठं मोटार चालू आहे का?" बाईंनी कान टवकारले.

आवाजामागं अख्खी वरात गॅरेजमागं आली. पाइपाखाली नागडी पोर खिदळत होती.

"बोअर कुणाचं?" बाईंनी विचारलं.

सगळे गुलाब बघायला लागले. मग शेजारीण सुनेवर ओरडली, "अवदसे, गावाचं बक्षीस घालवलंस!" तिच्यामागून बाकीच्यांनाही कंठ फुटला. सासऱ्याविरुद्ध कुणी ब्र काढला नाही.

अध्यक्षांना तेवढंच बळ पुरलं. "बंद कर ते! आणि आत्ताच्या आत्ता घरातून चालती हो!"

"होते," सून म्हणाली, "हिचं डोकं धुवायचं राहिलंय."

आणि तिनं साबण लावला.