सासूशेजारी जावई

कॅमेरा कधीही खोटं बोलत नाही. ही गोष्ट ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या आमच्या आदिवासी वस्तीतही सगळ्यांना मान्य होती, टोबायस कॅमेरा घेऊन येईपर्यंत.

टोबायस मेलबर्नचा फोटोग्राफर. तो आला त्याच आठवड्यात लोर्नामावशी कायमची शहरात राहायला चालली होती. तिच्या किडन्या गेल्या होत्या आणि रक्त धुणारं यंत्र इकडे येणार नव्हतं. तिने माझ्यामार्फत टोबायसला हुकूम सोडला, "माझ्या माणसांचा एक फोटो काढ. मोठा. तिकडे नुसती भिंत असते म्हणे. भिंतीकडे बघत मरायचंय होय मला?"

शहरात शिकून आल्यामुळे पाहुण्यांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे असतं. मी सांगितलं की मावशी म्हणजे आमच्यात आईच.

"मग तुला आया किती?" टोबायसने विचारलं.

"चार."

त्याने मान डोलावली आणि कॅमेऱ्याची बॅटरी तपासली.

दुकानासमोर ब्लँकेटं पसरून सगळे बसले. मधोमध मावशी, शेजारी तिची मुलगी नोरीनताई, मग पोरंटोरं आणि न बोलावता आलेली कुत्री. नोरीनताईचा नवरा सेल्विनदाजी तेवढा पाण्याच्या टाकीमागे, पाठ करून उभा होता.

"तो कोण?"

"सेल्विनदाजी. मावशीचा जावई."

"मग बोलवा की त्यालाही!"

"मावशी बसलीय ना इथे."

"म्हणूनच तर!"

"सासूसमोर जावई येत नाही आमच्यात. बोलत नाही, बघतसुद्धा नाही. मान असतो तो."

"भांडण कशावरून झालं?"

"भांडण नाही. मान."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

"अरेरे," टोबायस म्हणाला.

दाजींनी कांगारू मारला की शेपटी, म्हणजे सगळ्यात मानाचा वाटा, आधी मावशीकडे जाते, नोरीनताईच्या हाताने. जावयाचं कौतुक मावशीइतकं कोणी करत नाही, फक्त तो जवळपास नसताना. हे सगळं मी टोबायसला सांगितलं. त्याचे डोळे भरून आले. तो तडक टाकीमागे गेला, दाजींना दंडाला धरून बाहेर काढलं आणि म्हणाला, "आई चाललीय तुमची! एकदा जवळ घ्या!"

मावशीने ब्लँकेट डोक्यावरून ओढलं आणि किडन्या नसलेल्या बाईला शोभणार नाही अशा वेगाने दुकानात शिरली. दाजी कोरड्या ओढ्याकडे धावले. कुत्र्यांना कोणामागे जावं कळेना, ती जागेवरच भुंकत राहिली.

दुकानातून मावशीचा आवाज आला, "नोरीन! त्या उंटाला म्हणावं, माझ्या जावयाला चारचौघांत असं लाजवायचं नाही!"

"काय म्हणते?" टोबायसने विचारलं.

"म्हणते, जरा थांबा."

शेवटी तोडगा मीच काढला. दोन फोटो. एक मावशी असलेला, दाजी नसलेला, तो मावशीच्या भिंतीसाठी. ती घरी गेल्यावर दुसरा, दाजी असलेला, तो नोरीनताईच्या घरासाठी. दोन्ही छान निघाले. दाजी तर चक्क हसले. दुसऱ्या दिवशी टपालाच्या विमानाने मावशी गेली आणि टोबायसही आपल्या वाटेने गेला.

काही महिन्यांनी मावशीचा फोन आला. आवाज दबका.

"अरे, हा माझ्या शेजारी बसलाय!"

"कोण?"

"आता नाव घेऊ का मी त्याचं? तुझा दाजी! खांद्याला खांदा लावून! वर हसतोय!"

टोबायसने कॉम्प्युटरवर दोन्ही फोटोंचा एक केला होता, चौकट करून परस्पर तिला पाठवला होता. मी त्याला फोन केला तर म्हणाला, "मी तुमचं कुटुंब जोडलं."

"त्याला म्हणावं, सरक," मावशी म्हणाली.

"मावशी, फोटो आहे तो."

"म्हणून काय लाज सोडायची?"

हे कानावर आल्यावर दाजी शिकारीला गेले. न केलेल्या गुन्ह्याबद्दल त्यांनी विमानाने एक अख्खी शेपटी पाठवली. मग झाडाखाली थोरांची बैठक बसली. गुन्हा कोणाचा? कोणी म्हणालं टोबायसचा, कोणी म्हणालं ज्याला सासूच कळत नाही त्याला काय विचारायचं. क्लॅरीआजोबा म्हणाले, "कात्री घ्या, जावयाला कापा." पण टोबायसने माझ्या फोनवर पाठवलेला तो फोटो पाहिला, तर जोडताना त्याने नोरीनताई दोघांच्या मागे अशी बसवली होती की दाजींना कापलं की तिचं अर्धं तोंड आणि एक नातू जात होता. मग मावशीला कापा म्हणावं, तर फोटो तिचाच.

"मुळात सेल्विन तिथे बसलाय का नाही?" आजोबांनी वैतागून विचारलं.

दाजी बैठकीला पाठ करूनच बसले होते. विचार करून म्हणाले, "मलाही नक्की सांगता येत नाही."

मी दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. त्यानंतर ज्यांना थोडंफार कळलं होतं तेही गोंधळले.

मावशीला साधा पहिला फोटो पाठवायला टोबायसला सांगितलं, तर म्हणाला, दोन्ही जोडल्यावर तो फोटो ठेवलाच नाही. जोडलेला फोटो मावशीच्या पलंगाखाली उपडा पडून आहे. भिंतीवर औषधाच्या दुकानाने फुकट दिलेलं कॅलेंडर आहे. त्यावर पेंग्विन आहेत.