चामड्यावरचं गाढव

"हे गाढव उलटं आहे," कॅप्टन ट्रॉयर म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं.

बावीस वर्षं मी अमेरिकेतल्या डेटनमध्ये बसून लढाऊ वैमानिकांच्या जॅकेटवरचे चामडी बिल्ले जुन्या फोटोंवरून हुबेहूब बनवतेय. ट्रॉयरांच्या तुकडीचं चिन्ह असलेलं लाथ मारणारं गाढव तर मी डोळे मिटून कापेन. आणि हे अठ्ठ्याण्णव वर्षांचे गृहस्थ मला शिकवणार! त्यांचा दोस्त क्लेटन दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात विमानासकट कोसळला होता. हाडं आत्ता कुठे सापडली. आज दफन होतं. एक वाजता शवपेटी बंद होणार होती, आणि पेटीत हाडांवर पांघरलेल्या गणवेशाच्या डाव्या छातीवर लावायचा बिल्ला न्यायला ते आले होते. पावणेबारा वाजले होते.

"हा घ्या पुरावा!" मी फोटो त्यांच्यापुढे आपटला. एक पोरगा नवा बिल्ला हातात धरून हसत होता.

"हा आमच्या तुकडीतला रॉस्को. लग्नाची अंगठी आमच्यात डाव्या हातात असते. उजव्या हातात कोण घालतं गं?"

मी फोटो डोळ्यांजवळ धरला. फोटोच उलटा छापला होता. बावीस वर्षं मी उलटी गाढवं विकत होते!

"म्हणून एवढं काय बिघडलं?" लाज वाटली की माझं तोंड जास्तच चालतं.

"गाढवाचं तोंड काळजाकडे, लाथ बाहेर. हे काळजालाच लाथ मारतंय. असलं लावून आमच्यातला एकही जण विमानात चढला नसता. क्लेटनला मी हे लावून पाठवू?"

"बसा तिथे. आणि बोलू नका."

मी तपकिरी चामडं ओढलं. घाईत पहिल्या गाढवाचा कान तुटला. शिवी हासडून दुसरं कापलं, गोल तुकड्यावर चिकटवलं, तळहाताने दाबून धरलं. गोंद धरेना. कडेने शिवताना सुई बोटात घुसली.

"झालं का?"

"पुन्हा विचारलंत तर तुम्हालाच शिवून टाकीन, कॅप्टन!"

बारा चाळीसला डोळ्याचा पांढरा ठिपका दिला. बाहेर त्यांची नातसून हॉर्न वाजवत होती. ओला बिल्ला तळहातावर धरून मीही गाडीत घुसले. अंत्यविधीगृहात पोचलो तेव्हा तिथल्या माणसाचा हात पेटीच्या झाकणावर होता.

"थांबा!" मी ओरडलेच.

कॅप्टननी बिल्ला स्वतः लावला. तोंड काळजाकडे. मग झाकण बंद झालं, आणि मला रडूच फुटलं.

दफनभूमीत त्यांनी लांब कोटाची बटणं सोडली. आत चामडी जॅकेट होतं आणि डाव्या छातीवर माझंच गाढव, उलटं.

"हे कधी घेतलंत?"

"दहा वर्षं झाली."

"मग तेव्हाच बोलायचं नाही का! काढा ते जॅकेट, आजच बदलून देते."

त्यांनी बिल्ल्यावर हात ठेवला.

"राहू दे, पोरी. बसू दे ही लाथ. क्लेटन कोसळला त्या दिवशी उड्डाणाची पाळी माझी होती. क्लेटन माझ्या जागी गेला."