वरचे तोंड, खालचे तोंड

३ डिसेंबर १९५६, सोमवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. खाली चोवीस रेचे कापसातून सरकी वेगळी करीत होते. तेवढ्यात माझ्या वरच्या तोंडातून हुकूम आला, "आजपासून या नळीत शुद्ध बोलायचे. गावंढळ बोलणे ऐकले जाणार नाही."

मित्रांनो, मी एक जुनी बोलनळी आहे. आर्वीच्या एका जिनिंग कारखान्यात खालचे रेचेघर आणि वरची मॅनेजरची कचेरी जोडण्यासाठी मला भिंतीत बसवले. एका टोकाला फुंकर मारली की दुसऱ्या टोकाची शिटी वाजे. मग शिटी काढून कोणी तोंड लावी, कोणी कान. नागपूरच्या ज्या कारागिराने मला घडवले, त्याने दोन्ही टोकांना सारख्याच व्यासाची पितळी तोंडे बसवली. आवाज वरून खाली जितका जातो, तितकाच खालून वर जातो. हा माझा धर्म मला त्या कारागिराने दिला, कोणा साहेबाने नव्हे.

तरीही दर शनिवारी चिंच लावून घासले जाई ते वरचेच तोंड. खालच्या तोंडावर रुई साचे. ती पुसत असे एकटी बायजा, आपल्या पदराने.

बायजा ही रेच्यांवर कापूस घालणाऱ्या बायांची मुकादमीण. पट्टा उतरला, रेचा तापला, की वर कळवायचे ते तिनेच. कारण कचेरीच्या हुकमाशिवाय इंजिन थांबत नसे. आधीचे मॅनेजर लक्ष्मणराव हिंगणघाटचे. "तीन नंबरचा पट्टा उतरला जी," असे खालून गेले की वरून लगेच येई, "आलो, माय." माझ्या आयुष्यातील ती सुखाची वर्षे.

मग लक्ष्मणराव निवृत्त झाले. आमचा मुलूख नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि मालकांनी पुण्याकडचे सदाशिवराव आणले. माणूस वाईट नव्हता; वेळेला पक्का, कामाला चोख. पण बायजा बोलू लागली की त्यांच्या कपाळाला आठी पडे. सोमवारचा तो हुकूम त्यांचाच. त्यांनी बजावले, शनिवारपर्यंत सुधारणा झाली नाही, तर नळीवर शिकलेला माणूस बसवू. म्हणजे बायजाने पुन्हा डोक्यावर कापसाच्या टोपल्या वाहायच्या. तिची मान आता ते ओझे सोसणारी नव्हती.

बायजाने प्रयत्न केला. मंगळवारी ती माझ्याशी अडखळत बोलली, "साहेब, पट्टा... पट्टा सुटलेला आहे."

मागून रेच्यावरची सुंदरा खिदळली. "अवो बायजे, तू तं तहसीलदारीण झाली वो!"

बायजाही हसली. पण त्या दिवसापासून माझ्यातून जाणारे निरोप निम्मे झाले. वाक्य जुळेपर्यंत गोष्ट शिळी होई. मग बारीकसारीक कुरबुरी ती सांगेनाशीच झाली. साहेबांना वाटले, रेचे सुरळीत चालले आहेत.

गुरुवारी दुपारच्या सुट्टीत इंजिन बंद होते. बाया माझ्याजवळ भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. खाली आणि वर, दोन्हीकडे शिटी लावायची राहिली होती, म्हणून माझी तोंडे उघडी होती. आणि माझ्यातून बायजाचाच आवाज खाली आला, "रेचा तपून राह्यला जी! आयका ना जी!" पाठोपाठ साहेबांचे खदखदून हसणे. नक्कल करीत होता कारकून रूपराव.

बायजाचा घास हातातच राहिला. "हा तं आंजी गावच्या जिजाचा पोरगा रूप्या," ती म्हणाली. "घरी आईसंग असाच बोलते. वरतं जाऊन आपल्याच बोलीवर हसवून राह्यला."

मित्रांनो, मी ते हसणे गिळू शकले असते तर गिळले असते. पण अडवणे माझ्या घडणीत नाही.

शुक्रवारी सकाळी नऊ नंबरच्या रेच्यातून जळका वास आला. बायजाने जोरात फुंकर मारली. "साहेब, नऊ नंबर तपून राह्यला! इंजन बंद करा!"

"नीट बोल. शांतपणे, शुद्ध."

"कापूस पेटन जी!"

"पुन्हा. पूर्ण वाक्य."

बायजाने मान वर केली. क्षणभर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. मग ती वळली आणि तिने दोन्ही हात उंच केले. चोवीसही रेच्यांवरचे हात थांबले. कापूस ओढून दूर केला गेला. बायजा माझ्याकडे परतली. "आता इथून बोलत नाई. आयकाचं असंन तं खाली या." आणि तिने रुईचा बोळा माझ्या तोंडात कोंबला. इतक्या वर्षांत मी प्रथमच मुकी झाले, आणि खरे सांगते, मला ते मानवले.

साहेब जिना उतरून आले, मागे रूपराव. "काम का थांबवले? आधी सांगायला काय झाले होते?"

"सांगतलं होतं. तुमी बोली तपासली, निरोप नाई आयकला." ती रूपरावकडे वळली. "रूप्या, तू सांग ना साहेबाले. माहा आवाज तुले चांगला जमते."

एकही बाई हसली नाही. रूपरावाने रेच्याकडे पाहिले, मग पायांकडे. "साहेब, रेचा तपून राह्यला," तो घरच्या बोलीत म्हणाला. "बायजाबाई बरोबर म्हणते. इंजन बंद कराले सांगा."

साहेबांनी रेच्याच्या कडेला बोट लावले आणि झटक्यात मागे घेतले. त्यांनी स्वतः इंजिनघराकडे ओरडून हुकूम दिला. पट्टे थांबले.

"नळीवर तुम्हीच राहा, बायजाबाई," ते शेवटी म्हणाले. "तुमच्या पद्धतीने बोला. वरची शिटी मी आठवणीने लावत जाईन."

"नाई जी. जेवणाच्या सुट्टीत नळी उघडीच ठेवा. हसाचं असंन तं आमाले आयकू येईन असं हसा."

तिने बोळा काढला, पदराने माझे तोंड पुसले, आणि रेचे पुन्हा सुरू झाले.

आता टेलिफोन आला आहे आणि मी भिंतीत गंजत पडले आहे. मला घासून चकचकीत करा, अशी माझी विनंती नाही. मित्रांनो, पुढे तुम्ही माझ्या वरच्या टोकाशी बसलात, तर आधी कान लावा. आणि खालच्या टोकाशी उभे राहिलात, तर आवाज बदलू नका. माझा व्यास दोन्हीकडे सारखाच आहे.

त्या शुक्रवारपासून होळीपर्यंत खालून वर गेलेले निरोप दोनशे सहा. त्यांपैकी शुद्ध करून बोललेले, शून्य.