डी ड्राइव्हचे दोन भाग

चौथ्या पायरीपुढे बरोबरच्या दोन खुणा होत्या. शेवटची सोडून बाकीच्या पायऱ्यांपुढे एकेकच. पहिली खूण बारीक, अर्ध्या सेंटिमीटरची, बाबा नेहमी करतात तशी. दुसरी तिला चिकटून, दुपटीने मोठी, आणि पेन इतकं दाबून केलेली की पानाच्या मागून बोट फिरवलं तर ती बोटाला लागत होती.

मंगळवार होता. मी लॅबमधून आले तेव्हा सहा वाजले होते. बाबा कॉम्प्युटरसमोर हात मांडीवर ठेवून बसले होते आणि वही शेजारी उघडी होती. सकाळी त्यांनी सुवाच्य अक्षरात सहा पायऱ्या लिहून काढल्या होत्या. चौथी होती, 'डी ड्राइव्ह अर्धा करणे व मोकळ्या जागेत नवा भाग बनवणे.' सहावी होती, 'पुस्तकाचे फोल्डर नव्या भागात हलवणे.' सहावीपुढे खूण नव्हती.

"दोन भाग झालेत," बाबा म्हणाले. "अगदी सारखे. फक्त दोन्ही रिकामे आहेत."

टेबलाच्या कडेला कुरिअरचं न उघडलेलं पाकीट पडलं होतं. म्हणजे मध्ये दार वाजलं होतं, ते उठले होते. परत आल्यावर चौथी पायरी झाल्याचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. ती पुन्हा करायला घेतली तर समोर एकाऐवजी दोन भाग. जास्तीचा वाटला तो त्यांनी काढून टाकला आणि त्या जागी नवा बनवला. काढला तो जुना होता, पुस्तक असलेला. हे कळायला मला दहा सेकंद लागले.

"चौथीपुढे दोन खुणा कशा, बाबा?"

"दोनदा तपासली म्हणून दोन. तुमच्या लॅबमध्ये एकदाच तपासतात? मग या शहराच्या पाण्याचं काही खरं नाही."

मी पाण्याचे नमुने तपासते. बाबांनी चौतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आणि प्रयोगशाळा सांभाळली. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुस्तक लिहायला घेतलं. घरातल्या वस्तूंनी करायचे दोनशे चौदा प्रयोग, प्रत्येकाची आकृती स्वतः काढलेली, प्रत्येक प्रयोग स्वतः तीनदा करून पाहिलेला. चार वर्षांचं ते काम डी ड्राइव्हमध्ये होतं. दुसरी प्रत नव्हती.

मी फोन घेऊन मागच्या खोलीत गेले आणि दार लावलं. दादा विमानाने सहा तासांवर राहतो. पार्टिशनची, म्हणजे ड्राइव्हचे भाग पाडायची, कल्पना त्याचीच. सिस्टीम बिघडली तरी पुस्तक वेगळ्या भागात सुरक्षित राहील, म्हणाला होता.

"कॉपी नव्हती?" त्याने विचारलं.

"तूच म्हणालास, कॉपी कशाला, शंभर टक्के सेफ असतं."

"अगं, नॉर्मल माणसाला सेफ असतं."

मला राग आला की माझा आवाज जातो, हा माझा जुना दोष आहे. समोरच्याला वाटतं पटलं.

"हे बघ," तो म्हणाला, "डॉक्टरच म्हणाले ना, त्यांना कशात तरी गुंतवून ठेवा. ठेवलं. आता गेलं तर गेलं. ते पुस्तक कोण छापणार होतं?"

"बाबा स्वतः छापणार होते."

"बरं. फोन दे त्यांना. मी बघतो."

मी फोन दिला. दादाने काय बघितलं ते बाबांच्या बोलण्यावरून कळलं. "डिस्क? पण ती नवी आहे, आत्ता तर बसवली... हो, चौकातल्या वैद्यानेच बसवली... असं? जुना माल?" बोलता बोलता बाबांची पाठ ताठ झाली. फोन ठेवून ते माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचा चेहरा बराच मोकळा दिसत होता.

"तुझा दादा म्हणतो, डिस्कच सदोष आहे. वैद्याने गंडवलं आपल्याला."

मी तिथे उभी होते. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता.

सात महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी चाचण्यांचे कागद आमच्यासमोर ठेवले होते. बाबा बाहेर बाकावर बसून शेजाऱ्याला बॅटरीबद्दल काहीतरी समजावत होते. स्मृतिभ्रंश, सुरुवातीचा टप्पा. दादा तेव्हा आलेला होता. "त्यांना सांगायचं नाही," तो म्हणाला, "खचतील." मी म्हटलं, "सध्या नको." माझ्या लॅबमध्ये कोणी 'सध्या' असं लिहिलेला अहवाल आणून दिला तर मी परत पाठवते. या 'सध्या'वर मी सात महिने काढले. बाबांना आम्ही सांगितलं, व्हिटॅमिन कमी आहे. ते रोज गोळी घेतात आणि डबीवर तारीख टाकतात.

'वैद्य' म्हणजे आमच्या चौकातला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. हे नाव बाबांनीच ठेवलं, कारण तो मशीन उघडण्याआधी त्यावर हात ठेवून पंख्याचा आवाज ऐकतो. तो बाबांचा विद्यार्थी. शनिवारी सकाळी बाबांनी मला डिस्क काढायला लावली, रुमालात गुंडाळली आणि निघाले. मी सोबत गेले. वाटेत तीनदा ठरवलं की आता थांबवायचं. तिन्ही वेळा रस्ता ओलांडायचं निमित्त मिळालं.

दुकान अरुंद. दोन्ही भिंतींना उघडी पोटं घेऊन उभे असलेले कॅबिनेट, झाकणाच्या डब्यांत मापाप्रमाणे लावलेले स्क्रू. दोन गिऱ्हाइकं होती. बाबांना पाहून वैद्य स्टुलावरून उठला.

"सर, बसा."

"तू बस. उठून काय करणार आहेस, आणखी एक कुजकी डिस्क देणार?"

वैद्याने माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रूंच्या डब्यांकडे पाहिलं.

"काय झालं, सर?"

"काय झालं ते मी सांगू? माझं पुस्तक खाल्लं तुझ्या डिस्कने. जुना माल नवा म्हणून चिकटवलास, तोही मला. तीस वर्षांपूर्वी काठावर पास केलं ना तुला, तिथेच चुकलं माझं. नापास केलं असतं तर आज निदान प्रामाणिक धंदा करत असतास."

एक गिऱ्हाईक हसलं. दुसऱ्याने हातातलं चार्जर हळूच काउंटरवर ठेवलं आणि "नंतर येतो" म्हणून निघून गेलं.

वैद्य काळासावळा, जाडजूड माणूस. तरीही मान लालबुंद झालेली दिसली. पण त्याने रुमाल सोडला, डिस्क आपल्या मशीनला जोडली आणि तपासणी लावली. पंधरा मिनिटं लागली. बाबा बसले नाहीत. "बघा, बघा, डॉक्टर नाडी बघतायत," असं उरलेल्या गिऱ्हाइकाला ऐकवत राहिले.

मग वैद्याने स्क्रीन बाबांकडे फिरवली.

"एकही खराब सेक्टर नाही, सर. डिस्क ठणठणीत आहे."

"मशीन तुझं, तपासणी तुझी. चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या."

"सर, कोणीतरी जुना भाग काढून टाकलाय. तो आपोआप जात नाही. काढताना मशीन विचारतं, नक्की काढू का, आतलं सगळं जाईल. त्यावर 'हो' दाबावं लागतं." तो थांबला. "नुसता काढला असता तरी चाललं असतं. आतला मजकूर लगेच जात नाही. मंगळवारीच आणली असतीत तर मी बहुतेक सगळं काढून दिलं असतं. पण त्यानंतर पूर्ण फॉरमॅट मारलाय. आता आत काही शिल्लक नाही. तो कोणी मारला?"

"मीच," बाबा म्हणाले. "बुधवारी. मोठ्या मुलाने फोनवर सांगितलं. डिस्क खराब असेल तर फॉरमॅट मध्येच अडकेल म्हणाला."

"आणि अडकला?"

"नाही. चार तास चालला आणि पूर्ण झाला."

मी बुधवारी लॅबमध्ये होते. हे मला माहीत नव्हतं. चुकून पुसलेलं पुस्तक मंगळवारी संध्याकाळी अजून डिस्कवरच होतं, आणि ते कायमचं गेलं ते आमच्या खोटेपणामुळे. बाबांच्या विसरण्याने ते गेलं नव्हतं. मला राग आला आणि त्यातला निम्मा तरी माझ्याच नावाचा होता.

"सर," वैद्य म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला, "तुम्हीच शिकवलंत. उत्तर चुकलं की आधी स्वतःचा हात तपासायचा, मग उपकरण. मी व्होल्टेज चुकवलं तेव्हा मीटरला दोष दिला म्हणून तासभर बाहेर उभं केलं होतंत मला. मी काठावर पास झालो असेन, पण तेवढं माझ्या लक्षात राहिलंय." त्याने डिस्क परत रुमालात गुंडाळली, नीट, कोपरे आत घेऊन. "पुढच्या वेळी दुसरीकडे दाखवा."

येताना सगळी वाट बाबांनी रुमाल छातीशी धरला होता.

घरी आल्यावर त्यांनी चप्पलही काढली नाही. टेबलाशी बसले, कोरा कागद घेतला आणि डाव्या बाजूला आकडे घातले. एक, डिस्क. दोन, वीजपुरवठा. तीन, प्रोग्राम. चार, वैद्य. शाळेत प्रयोग फसला की ते फळ्यावर असंच लिहायचे आणि एकेक कारण तपासून खोडत जायचे.

"डिस्क नाही," ते म्हणाले आणि रेघ मारली. "वीज गेली नव्हती, विजेवरचं घड्याळ बरोबर चालतंय. प्रोग्राम विचारतो, मग काढतो, म्हणजे त्याने त्याचं काम केलं. वैद्य." पेन थांबलं. "त्याला मी काय काय बोललो ग?"

"बरंच."

"हं." त्यांनी वैद्य खोडला, दोन रेघांनी. मग पाचवा आकडा लिहिला आणि त्यापुढे काही न लिहिता माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत शंका होती असं मी म्हणणार नाही. ते उत्तराच्या अगदी जवळ आलेले होते आणि कोणीतरी वही तपासून द्यावी अशी वाट पाहत होते.

"मंगळवारी घरात मी एकटाच होतो," ते म्हणाले. "पण मी काढला असता तर मला आठवलं असतं. हो की नाही?"

तेवढ्यात फोन वाजला. दादा. शनिवारी तो याच वेळी करतो. मी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"काय म्हणतो तुमचा वैद्य? कबूल झाला का?"

"डिस्क चांगली आहे," मी म्हटलं.

"असं तो म्हणणारच. नाचता येईना, अंगण..."

"दादा, डिस्क चांगली आहे. बाबा समोर बसलेत."

मग त्याचा तो समजुतीचा आवाज आला, लहान मुलांना गोळी देताना काढतात तसा. "अच्छा. मग व्हायरस असणार. बाबा, ऐकताय ना? हल्ली असे व्हायरस येतात, आपोआप ड्राइव्ह उडवतात. त्यात तुमची काही चूक नाही. जाऊ दे, आपण नव्याने सुरू करू. तुम्हाला छान विरंगुळा होईल."

"व्हायरस," बाबा म्हणाले. "तो नक्की काढू का असं विचारत नसेल, नाही?"

"अजिबात नाही."

बाबांचे खांदे सैल झाले. त्यांनी पेन उचललं आणि पाचव्या आकड्यापुढे 'व्हा' लिहिलं. चौतीस वर्षं ज्याने खोटं निरीक्षण लिहिलेली एकही प्रयोगवही सही करून परत दिली नाही, तो माणूस माझ्यासमोर खोटं निरीक्षण लिहीत होता. आणि ते त्याचं नव्हतंच. आम्ही त्याच्या हाताला धरून ते लिहून घेत होतो.

मी कागदावर हात ठेवला. पेनची टोकदार निब माझ्या बोटावर टेकली.

"ते लिहू नका, बाबा."

"छोटे," फोनमधून दादा म्हणाला, "फोन घेऊन आत जा. आपण बोलू."

"आत जाणार नाही. सात महिने आत जाऊनच बोलतोय आपण."

"अगं, पण तू विचार कर, ते..."

"ते इथे आहेत. ते म्हणू नकोस." माझा आवाज गेला नव्हता. नेहमीपेक्षा खालचा होता, पण होता. "त्यांनी आज एका सरळ माणसाला चारचौघांत चोर म्हटलं, कारण तू त्यांना तसं सांगितलंस आणि मी गप्प बसले. त्यांचं पुस्तक गेलं, कारण तू फॉरमॅट करायला लावलास आणि मी गप्प बसले. आता गप्प बसणार नाही."

"तू त्यांना खचवशील."

बाबांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय सांगायचं राहिलंय?" त्यांनी विचारलं. आवाज शाळेतला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"बाबा, तुम्हाला व्हिटॅमिनची कमतरता नाही," मी म्हटलं. "भाग तुम्हीच काढलात, आणि तुम्हाला ते आठवत नाही. तुम्हाला स्मृतिभ्रंश आहे. डॉक्टरांनी सात महिन्यांपूर्वी सांगितलं, आणि आम्ही दोघांनी ते तुमच्यापासून लपवलं."