अण्णांच्या गाडीची कातरणी

बंडोपंतांनी उभी हयात सरकारी कचेरीत कारकुनी केली, आणि त्या हयातीत लोकांच्या अर्जांत खोट काढण्यापलीकडे त्यांनी फारसं काही केलं असेल असं औंढ्यात कुणाला वाटत नाही. निवृत्त झाल्यावर खोट काढायला घरात फक्त बायको उरली, आणि सरलाबाईंपुढे ही विद्या चालत नव्हती. त्यामुळे संक्रांतीला तीळगूळ घेऊन आलेल्या मेहुण्यानं उलट पंतांच्याच दारात खोट काढली, तेव्हा ती त्यांना फार लागली.

मेहुण्याचं नाव पिंटू. बँकेत मोठा साहेब होऊन, केस पिकवून, हिंगोलीत बंगला बांधून तो बसला होता, तरी त्याला दुसऱ्या नावानं हाक मारायचं घरात अजून कुणाला सुचलं नव्हतं. खोट निघाली ती अण्णांच्या गाडीत. अण्णा म्हणजे सरलाबाईंचे आणि पिंटूचे वडील, हिंगोलीचे जुने वकील. त्यांची पिस्ता रंगाची अँबॅसिडर त्यांच्या मागं औंढ्याला आली, कारण तेव्हा पिंटूच्या बदल्या चालल्या होत्या. ती घरामागच्या शेताच्या कडेला लिंबाखाली उभी राहिली. पंत दर दसऱ्याला तिला हार घालत, चालू करत, दोन हात पुढं आणि दोन हात मागं नेत आणि बंद करत. बाकी वर्षभर तिचा रंग निमूट गळत होता.

पिंटूनं मागचं दार उघडलं, तर आतून कोंबडी त्याच्या कानाजवळून फडफडत बाहेर गेली. सीटवर एक अंडं होतं.

"दाजी," पिंटू म्हणाला, "अण्णांची गाडी आहे ही. तुमी तिचं खुराडं करून राहिले. माझ्या बंगल्याचा पोर्च रिकामा पडलाय. महिनाअखेरच्या रविवारी येतो. गाडी अण्णांच्या वेळी होती तशी दिसली तर राहू द्या तुमच्याकडं. न्हाई तर मी क्रेन घेऊनच येतो."

पंत काही बोलणार, तेवढ्यात तो अंडं खिशात घालून निघूनही गेला. त्या दिवशी सरलाबाईंनी भाऊ आणि नवरा यांपैकी कुणाचीच बाजू घेतली नाही. फक्त संध्याकाळी भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "ती गाडी खिडकीतून दिसली नाही तर मला करमायचं नाही हो." सरलाबाई आयुष्यात पंतांकडे काही मागणाऱ्यांतल्या नव्हत्या. 

हिंगोलीला चांगले रंगारी आहेत. पण पंतांनी मोबाइलवर एका माणसाला दहा-बारा मिनिटांत अख्खी गाडी रंगवताना पाहिलं होतं, आणि त्यात त्यांना अवघड असं काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते बादली आणि पॉलिश पेपर घेऊन लिंबाखाली बसले. थंडीत पाणी लावून पत्रा घासायचा म्हणजे बोटं बधिर होत. मग खड्ड्यांत लांबी भरायची, म्हणजे पत्र्यावरचा तो चिकट लेप, जो वाळला की पुन्हा घासायचा. खड्डे कुठले ते सरलाबाईंना पाठ होते. हा कळमनुरीच्या बैलगाडीचा, हा आंब्याच्या डहाळीचा, आणि हा पिंटूनं गाडी शिकताना तुळशीवृंदावनाला दिलेला. पिंटूच्या खड्ड्यात पंतांनी लांबी जरा जोरातच दाबली.

रंग मारायला कंप्रेसर नव्हता. पण तुरीवर औषध मारायचा पाठीवरचा पंप होता, आणि पंप म्हणजे पंप, हे पंतांचं मत होतं. शनिवारी सकाळी त्यांनी पंपात पिस्ता ऑईलपेंट ओतला, नाकाला उपरणं बांधलं आणि अळी पडल्यासारखी गाडी फवारायला घेतली. अर्ध्या दारापर्यंत काम झालं आणि पंप तुंबला तो कायमचाच. पुढची गाडी त्यांनी ब्रशनं रंगवली. रंग पातळ वाटला म्हणून दुसरा हात दिला, मग तिसरा. ओघळ आले ते बोटानं सारखे केले.

तरी सांगतो, दुपारी चहा घेऊन बाहेर आलेल्या सरलाबाई जागीच उभ्या राहिल्या. लांबून, म्हणजे मागच्या दारातून, ती खरोखर अण्णांची गाडी दिसत होती. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि "अगदी तीच," एवढंच म्हणाल्या. पंतांची छाती इतकी फुगली की उपरण्याची गाठ सुटली. मग पंत नागनाथाला नारळ फोडायला गेले आणि सरलाबाई शेजारी हळदीकुंकवाला गेल्या. गाडी एकटी उन्हात वाळत राहिली. खरं तर वाळत नव्हती. जानेवारीच्या थंडीत ऑईलपेंटचे तीन हात एका दुपारी वाळत नसतात, आणि मोबाइलवरच्या माणसानं हे काही सांगितलं नव्हतं.

दिवेलागणीला पंत परत आले, तेव्हा शेत मेंढ्यांनी भरलं होतं.

यात चूक कुणाची म्हणाल, तर पंतांचीच. शेतात मेंढ्या बसवल्या की त्यांच्या लेंड्यांचं खत पडतं, म्हणून सगळा परिसर धनगरांच्या मागं लागतो, आणि नंबर लागला की लागला. पंतांनीच दसऱ्याला शिरड शहापूरच्या रखमाजीला गळ घातली होती, की तूर निघाली की आमच्याकडं बैस बाबा. रखमाजी शब्दाचा पक्का माणूस. तूर निघाली, नंबर आला, तो आला. त्याच्या मेंढ्याही रिवाजाला पक्क्या होत्या. दरवर्षी या शेतात आलं की लिंबाखालच्या गाडीला अंग घासायचं, हा त्यांचा नेम होता. बंपरला मान, मडगार्डाला पाठ, दाराला कूस. एवढी चांगली खाजवायची जागा त्यांना साऱ्या तालुक्यात दुसरी नव्हती.

पंत बघतच राहिले. काळ्याभोर मेंढ्या अंगभर पिस्ता होऊन हिंडत होत्या, आणि गाडीला केस आले होते. टपापासून खाली, चहूबाजूंनी, काळे कुरळे केस.

"रखमाजी, अरे हे काय करून ठेवलंस?"

"म्या काय केलं, पंत? तुमीच म्हनले व्हते या म्हनून."

"अरे रंग ओला होता."

"मेंढ्यायला काय ठाव?"

रखमाजीची बायको अनुसयाबाई त्याच्याहून तापलेली होती. "तुमच्या गाडीचं राहू द्या वो. आमच्या जितराबाची दशा बगा. साऱ्या कशा लग्नाला निघाल्यावानी दिसून राहिल्या. काहून रंगवली वो तुमी ती? बरी व्हती की तशीच."

पंतांनी पुढं होऊन एक झुपका उपटला. झुपक्याबरोबर रंग आला, रंगाबरोबर लांबी आली, आणि आतून कळमनुरीची बैलगाडी पुन्हा वर आली. रखमाजीनं त्यांचा हात धरला.

"उपटू नका, पंत. लोकर उपटत नसतेत, कातरत असतेत. सकाळपस्तोर वाळू द्या. म्या कातरून देतो बराबर."

सरलाबाई हळदीकुंकवाहून आल्या, त्यांनी गाडी पाहिली आणि घरात जाऊन स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. 

रविवारी उजाडताच रखमाजी लोकरीची मोठी कातर घेऊन हजर झाला. आता माणूस ज्या रीतीनं चाळीस वर्षं मेंढ्या कातरतो, त्याच रीतीनं तो अँबॅसिडरही कातरणार. आधी त्यानं गाडीला पाणी मारून घेतलं. मग बॉनेटवर दोन थापा मारून तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलला. अनुसयाबाई सवयीनं पुढच्या चाकाजवळ जाऊन घट्ट धरून बसली. पंत म्हणाले, अरे समोरून सुरू कर, पाहुणा समोरून येणार आहे.

"आदी पोट, पंत," रखमाजी म्हणाला आणि दाराखाली आडवा झाला.

पोट संपून तो कुशीवर आला होता, एवढ्यात रस्त्यावर पिंटूची गाडी थांबली. मागं क्रेन होती. पांढरेशुभ्र कपडे घातलेला पिंटू कुंपणातून आत आला. त्याला दिसलं ते असं: अण्णांची गाडी, तिला लोकर, तिच्या कुशीत कातर चालवणारा धनगर, चाक धरून बसलेली त्याची बायको, आणि भोवती पिस्ता मेंढ्या.

"दाजी," तो म्हणाला, "हे काय चालू आहे?"

पंतांच्या तोंडून सवयीनं निघालं, "काम प्रगतिपथावर आहे." पण कचेरीतलं ते वाक्य इथं टिकेना. "पिंटू, घेऊन जा तू गाडी. माझ्याच्यानं नाही झालं." हे म्हणताना त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघायचं टाळलं. बायकोनं जन्मात एक गोष्ट मागितली आणि तिलाही आपण लोकर लावली, याची त्यांना मनापासून लाज वाटत होती.

पिंटू क्रेनवाल्याला हाक मारणार, तर मागच्या दारातून सरलाबाई आल्या. पदर खोचलेला होता.

"अनुसयाबाई, दुसरी कातर आहे का?"

"हाय की, अजून दोन हायेत."

"दोन्ही द्या." एक कातर त्यांनी स्वतः घेतली आणि दुसरी भावापुढं धरली. "नेतोस तर ने. पण अण्णांची गाडी अशा अवतारात हिंगोलीतून मिरवत नेऊ नको. बॉनेट माझं, डिकी तुझी."

लहानपणी दर रविवारी अण्णा दोघांना गाडी धुवायला लावत, तेव्हाची ही वाटणी.

"दर बारी डिकी माझ्याच वाट्याला काहून?" पिंटू म्हणाला. आणि पांढऱ्या बाह्या दुमडून मागं जाऊन बसला.

दुपारपर्यंत तिघं गाडी कातरत होते, अनुसयाबाई चाक धरून होती, आणि पंत झुपके गोळा करत होते. मध्येच मागून आवाज आला, "दाजी, डिकीच्या कुलपात लांबी भरली का तुमी?" पंतांनी ऐकलं नाहीसं केलं. क्रेनवाला तीनदा चहा पिऊन झोपला. कातरून झालेली गाडी हजामत अर्धवट सोडून पळालेल्या गिऱ्हाइकासारखी दिसत होती. पिंटूनं तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"ठरलं ते ठरलं. गाडी माझ्या पोर्चमध्येच येणार," तो म्हणाला. "पण ही अशी न्हाई. सगळी पुन्हा घासू, बराबर रंगवू, मग नेतो. पुढच्या रविवारी येतो. आणि दाजी, डिकीला हात लावू नका." क्रेन रिकामी परत गेली.

त्यानंतर तो दर रविवारी येत राहिला. जुना सदरा घालून यायचा, घासायचा, ताईशी भांडायचा. अण्णा हॉर्न दोनदा वाजवत की तीनदा, यावर दोघांनी एक अख्खी सकाळ घालवली. सरलाबाई हसायच्या, आणि त्यांचं हसणं ऐकून पंत हातातला पॉलिश पेपर विसरायचे. या घरात असं हसू येऊन किती दिवस झाले होते, ते त्यांना आठवेना. रखमाजीचा कळप एव्हाना शिरडकडे सरकला होता. अनुसयाबाईचा रागही उतरला होता, कारण पिस्ता मेंढी दुसऱ्याच्या कळपात घुसली तरी आता अर्ध्या कोसावरून ओळखू येत होती.

शेवटी काम संपत आलं. पिंटूनं हिंगोलीहून भाड्यानं कंप्रेसर आणला आणि शुक्रवारीच येऊन शेवटचा हात मारून गेला. शनिवारी सकाळी गाडी अशी काही लखलखत होती, की पंतांसारख्या जाणत्यालाही खोट सापडेना. उद्या ती जाणार. उद्यापासून रविवार पुन्हा नुसता रविवार राहणार. सरलाबाई सकाळपासून खिडकीत उभ्या होत्या आणि पंतांना त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

शेवटी पंत मोबाइल घेऊन गोठ्याआड गेले. रंग अजून ओला होता.

"रखमाजी," ते हळू आवाजात म्हणाले, "आज मेंढ्या कुठं बसून राहिल्या?"

"तुमच्याकडंच येऊन राहिलो की, पंत. रस्त्यातच हाये. दिस मावळायच्या आत पोचतो."

"माझ्याकडं? मी तर आत्ता फोन करतोय."

"तुमी तिसरे," रखमाजी म्हणाला. "वयनींनी काल रातीच सांगतलं. आन् हिंगोलीच्या सायबाचा आज सकाळी फोन आल्ता, मेंढ्या जरा डिकीकडून सोडा म्हनून."

पंतांनी फोन खिशात टाकला आणि कुंपणाचं फाटक सताड उघडून ठेवलं.