हात दे गो

बाळकुमची आवडाबाई सहासष्टाव्या वर्षी धावायला लागली तेव्हा अख्ख्या कोळीवाड्याला हसू आलं. तिला त्यात नवल वाटलं नाही. सोळाव्या वर्षापासून डोक्यावर मासळीची पाटी घेऊन ती ठाण्याच्या बाजारात झपाझपा जायची. उन्हाआधी पोचलं नाही तर मासळी मऊ पडायची. तेव्हा त्याला कोणी व्यायाम म्हणत नसे, इतकंच.

गेल्या साली ज्येष्ठांच्या दहा किलोमीटर शर्यतीत तिला पंचाण्णव मिनिटं लागली. नव्वद झाली की शेवटची कमान उतरवतात. ती पोचली तेव्हा माणसं दोऱ्या सोडत होती. "आजी, जरा बाजूनं जा," एकजण म्हणाला. ते 'बाजूनं' तिच्या काळजात रुतून बसलं. यंदा कमानीखालूनच जायचं, तिनं ठरवून टाकलं.

त्या दिवशी तिच्यासारखीच बाजूनं गेलेली आणखी एक होती, समोरच्या टॉवरमधली निवृत्त मास्तरीण सरोज. वर्षभर दोघी सकाळी कोलशेतच्या रस्त्याला धावल्या. घड्याळ सरोजच्या मनगटावर आणि चाल आवडाबाईची.

"पाय हलके टाक गो. रस्त्यानं काय घोडं मारलंय तुझं?"

"आवडा, तू मास्तरीण असतीस ना, तर पोरांनी शाळाच सोडली असती!"

शर्यतीत सातव्या किलोमीटरला सरोजच्या पोटरीत गोळा आला. ती कळवळून रस्त्याच्या कडेला बसली. "तू जा, आवडा. तुझी वेळ जाईल."

"गप बस. तुला टाकून जाऊ होय?"

आवडाबाईनं तिथंच मांडी घातली, सरोजचा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं पोटरी रगडायला लागली. बऱ्याच वेळानं गोळा सुटला. सरोज उठली, दोन पावलं टाकून तिनं पाय पाहिला. आवडाबाईचे गुडघे मात्र बसल्या जागी आखडले होते. खाली बघतच तिनं हात वर केला. "हात दे गो."

भरलेली पाटी एकटीला डोक्यावर चढवता येत नाही. वाटेत कुणी पाटी टेकवली की मागची बाई थांबून हात देणारच, मग आदल्या दिवशी दोघींनी एकमेकींच्या झिंज्या उपटलेल्या का असेनात. हात न देता पुढं गेलेली एकच बाई आवडाबाईनं पाहिली होती. तिच्याशेजारी बाजारात महिनाभर कोणी बसलं नाही. म्हणून हात वर करताना सरोज तो धरील की नाही, असा विचारसुद्धा तिच्या मनात आला नाही.

हात रिकामाच राहिला तेव्हा तिनं मान वर केली. सरोज घड्याळ बघत होती. मग तिची नजर त्या हातावरून गेली आणि ती पळाली.

झाडाभोवतीच्या जाळीला धरून आवडाबाई कशीबशी उठली. किती वाजले ते सांगायला आता कोणी नव्हतं. होतं नव्हतं ते बळ लावून ती धावली. पोचली तेव्हा कमानीचे खांब जमिनीवर आडवे पडले होते. ते ओलांडून ती पलीकडे गेली. तिथं सरोज गळ्यात पदक घालून फोटो काढून घेत होती.

संध्याकाळी सरोज घरी आली. "अगं, मला वाटलं तू उठशील. येशीलच माझ्या मागून."

"माझा हात दिसला तुला?"

नाही म्हणाली असती तर आवडाबाईनं ते खोटं आनंदानं पदरात बांधलं असतं.

"दिसला," सरोज म्हणाली. "पण वेळच उरला नव्हता गं."

"मला वर ओढायला किती लागला असता?"

सरोज जायला उठली.

"चहा पिऊन जा," आवडाबाई म्हणाली. "पण उद्यापासून हाक मारू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोलशेतकडे न वळता खाडीच्या बाजूला गेली. धावण्याआधी जमिनीवर मांडी घातली आणि कशालाही न धरता उठायला बघितलं. पहिल्यांदा कलंडली. दुसऱ्यांदा गुडघ्यावर आली आणि तिथंच अडली. फिरायला निघालेली एक सुनेच्या वयाची बाई ते बघून धावत आली, वाकून तिनं हात पुढं केला. "आजी, उठवू?"

आवडाबाईनं त्या हाताकडे जरा वेळ पाहिलं.

"नको बाय," ती म्हणाली, आणि पुन्हा मांडी घालून बसली.