गुरुवारी दुकान उशिरा उघडेल

केस कापायच्या दुकानातली एक जुनी खुर्ची आहे मी. पाय लोखंडी, अंगावर लाल रेक्झिन. मित्रांनो, माझ्या हातांवर आडवी फळी टाकून तुमच्यासारख्या कितीतरी लहान मुलांना बसवलं गेलं आणि कात्री कानाशी येताच त्यांनी भोकाड पसरलं!

मला कारखान्यातून आणलं ते आमच्या मास्तरांनी. मास्तर म्हणजे दुकानाचे मालक आणि कारागीरही. हात हलका, जिभेवर कायम विनोद. गिऱ्हाईक माझ्यावर टेकलं की मन मोकळं करी. कुणाचं सासूशी बिनसलेलं, कुणाचा साहेब खडूस. मास्तर सगळं ऐकत. त्यांनाही काही सांगायचं असेल, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

एका वर्षी मास्तर गप्प होत गेले. घरात सगळं ठीक होतं, तरी विनोद आटले. दुकान आधी उशिरा उघडू लागलं, मग दोन-दोन दिवस उघडेना. माझ्यावर धूळ साचली. लोक म्हणत, "एवढं काय झालंय? मन घट्ट करा." मास्तर नुसती मान डोलवत.

एके दुपारी रिटायर झालेले पोस्टमनकाका आले.

"काका, दाढी तर झालेली दिसते तुमची."

"झालीये. तुझ्याकडे बसायला आलोय."

बाकावर बसून त्यांनी पेपर वाचला आणि तासाभराने गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. उपदेशाचा एक शब्द नाही. पाचव्या दिवशी मास्तर मटकन माझ्यावरच बसले.

"काका, सकाळी उठावंसंच वाटत नाही. वाटतं, मी नसतो तर बरं झालं असतं."

काकांनी पेपर बाजूला ठेवला, स्टूल जवळ ओढलं आणि सरळच विचारलं, "जिवाचं बरंवाईट करावं, असं येतं का मनात?"

"करायचं नाहीये... पण माझीच मला भीती वाटते."

"बोललास ते बरं केलंस. हा आजार आहे रे. ताप आला असता तर औषध घेतलं असतंस ना? चल, आधी घरी तुझ्या बायकोला सांगू, मग डॉक्टरांकडे जाऊ. मी येतो बरोबर."

मास्तर ओंजळीत तोंड लपवून रडले. काका तसेच बसून राहिले.

औषधं सुरू झाली. दर गुरुवारी डॉक्टरांशी बोलणं ठरलं. जादू काही झाली नाही. मधले काही आठवडे फार वाईट गेले, तेव्हा बायको डबा घेऊन दुकानातच येऊन बसे. पण एके दिवशी मास्तर काकांच्या टकलावर फणी धरून म्हणाले, "काका, भांग कुठल्या बाजूला पाडू?" अख्खं दुकान हसलं. सगळ्यांत मोठ्याने काका.

मग मास्तरांनी दारावर पाटी लावली: 'गुरुवारी दुकान उशिरा उघडेल. मी मनाच्या डॉक्टरांकडे जातो.'

"अहो, एवढं उघड लिहायचं?" बायको म्हणाली.

"दाढ दुखली की गावभर सांगतोच की आपण!"

त्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकांनी हळूच डॉक्टरांचा पत्ता विचारला. तिसरा होता नेहमी गडगडाट करून हसणारा ट्रकवाला. त्याने माझ्यावरून उठताना पाटीकडे नुसतं बोट दाखवलं. मास्तर त्याच्या खांद्यावरचे केस झटकत म्हणाले, "गुरुवारी नऊला इथे ये. बरोबर जाऊ."

मित्रांनो, मी करकरले की मला तेल मिळतं. माणसं करकरत नाहीत, गप्प होतात. तुमच्या घरात कुणी असं गप्प झालं, तर जवळ जाऊन बसा, मोठ्यांच्या कानावर घाला. आणि तुमचंच मन जड झालं, तर कुणाला तरी सांगा. अगदी केस कापताना सांगितलंत तरी चालेल. आमच्याकडे ऐकतात.